अंगाखालची प्लेट

आयसीयूत खाटेवर झोपवून काढलेल्या छातीच्या एक्स-रेला कोणी देखणा म्हणत नाही. तो मान उभ्या एक्स-रेचा. पेशंट चालत येतो, प्लेट धरणाऱ्या बकी स्टँडला छाती टेकवतो, खांदे पुढे घेतो, मोठा श्वास भरून थांबतो, आणि दोन्ही फुप्फुसं काळीभोर, थेट खालच्या कोनांपर्यंत स्वच्छ उतरतात. पाठ्यपुस्तकांत छापलं जातं ते हे चित्र. खाटेवरच्या चित्रात सगळंच अडचणीचं असतं. पेशंट अर्धवट शुद्धीत, छातीवर ईसीजीच्या तारा, तोंडातून श्वासनलिकेत उतरलेली नळी, मानेतून घातलेली सेंट्रल लाइन, एका खांद्याखाली दुमडलेली चादर. फुप्फुसं पुरती फुगलेली नाहीत, हृदय अवाच्या सवा मोठं, कडा तिरक्या.

तरीही रसग्रहणासाठी एकच वैद्यकीय चित्र निवडायचं झालं तर मी हे निवडेन. उभ्या एक्स-रेत कारागिरी लपून जाते. स्टँड जागच्या जागी, ट्यूब रुळावर, अंतर ठरलेलं, म्हणून चित्र आपसूक आल्यासारखं वाटतं. खाटेवरच्या चित्रात ते कसं घडलं याच्या खुणा चारी कोपऱ्यांत सापडतात. त्या ओळखता आल्या की काळ्या-पांढऱ्या छटांमागे दोन वस्तूंचा एकमेकींना गाठण्याचा प्रयत्न दिसू लागतो. वर एक्स-रेची ट्यूब, खाली पेशंटच्या पाठीखाली सरकवलेली प्लेट, मध्ये एक आजारी माणूस. ट्यूबला प्लेट दिसत नाही. टेक्निशियनलाही दिसत नाही. आणि ती दोघं एका रेषेत आल्याशिवाय चित्र चित्र होत नाही.

ट्यूबमध्ये किरण निघतात ती जागा अगदी लहान असते, साधारण एक मिलीमीटरच्या आसपास. तिथून ते पसरत जातात. कोलिमेटरच्या शिशाच्या पाती त्यांना चौकोनात बांधतात, आणि त्याच चौकोनाचा उजेड एका दिव्यानं आणि आरशानं पेशंटच्या अंगावर पाडला जातो. टेक्निशियन बघतो तो हा उजेड. छातीच्या मधोमध फुली आली, दोन्ही खांदे चौकोनात आले, की तो समाधानानं मागे सरतो. पण हा उजेड फक्त किरण अंगात कुठे शिरणार ते सांगतो. शरीराच्या पलीकडे, गादीवर, प्लेट चार बोटं डावीकडे सरकलेली असली किंवा गादीच्या खळग्यात एका बाजूनं दबलेली असली, तर उजेडाला त्याचा पत्ता नाही. म्हणून जुने टेक्निशियन उजेडाइतकाच हातावर विश्वास ठेवतात. खांद्याच्या वर प्लेटची कड चार-पाच सेंटीमीटर उरली आहे ना, हे बोटांनी चाचपतात. सिस्टर आणि मामा पेशंटला कुशीवर धरतात, “काका, जरासं उचलतो हं” म्हणत प्लेट आत जाते, आणि मग तो हात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरतो.

आता चित्र वाचायला घेऊ, आणि कडांपासून सुरुवात करू. डॉक्टरांची नजर आधी फुप्फुसांवर जाते, ते साहजिक आहे. पण कडा आधी वाचल्या तर पुढचं सगळं वाचन बदलतं. सॉफ्टवेअरनं छाटण्याआधीच्या चित्रात चौकोनाबाहेर किरण न पोचलेली पांढरी पट्टी असते. ती चारी बाजूंना सारखी असेल तर ट्यूबचा मध्य आणि प्लेटचा मध्य जुळले आहेत. एका बाजूला पट्टी रुंद आणि समोरच्या बाजूला चौकोन प्लेटबाहेर पळालेला, म्हणजे ट्यूब सरकली होती, नाहीतर प्लेट. चौकोन प्लेटच्या कडांशी तिरका बसला असेल तर प्लेट अंगाखाली फिरली आहे. आणि चौकोन चौकोनच राहिला नसेल, एक बाजू अरुंद, समोरची रुंद असा तो पतंगी झाला असेल, तर प्लेट आणि ट्यूब यांच्यात कल होता. इतकी माहिती देणारी ही रिकामी पट्टी डॉक्टरांच्या पडद्यावर येईतो काळी करून टाकलेली असते. डोळ्यांना तिचा लखलखाट सोसत नाही, हे कारण बरोबर आहे. मला मात्र ती गेल्याचं वाईट वाटतं.

कडांनंतर हाडं. दोन गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं आणि त्यांच्यामधून दिसणारी मणक्याची मागची टोकं, यांच्यातलं अंतर दोन्हीकडे सारखं असेल तर पेशंट सरळ होता. ट्यूब डोक्याच्या दिशेनं कलली असेल तर गळपट्टीची हाडं फुप्फुसाच्या शेंड्यांच्या वर चढतात, आणि उघडा पडलेला शेंडा नको इतका ऐसपैस दिसतो. उलट कललेली असेल तर ती खाली उतरून बरगड्यांवर आडवी येतात.

मग हृदय. उभ्या एक्स-रेत ट्यूब साधारण १८० सेंटीमीटरवर असते आणि पेशंटची छाती प्लेटला टेकलेली असते. हृदय प्लेटपासून पाच सेंटीमीटरवर धरलं तर १८० भागिले १७५, सावली खऱ्यापेक्षा जेमतेम तीन टक्के मोठी. खाटेवर सगळं उलटतं. प्लेट पाठीकडे, हृदय पुढे, ट्यूब मीटरभर वर. हृदय पंधरा सेंटीमीटरवर धरा: १०० भागिले ८५, म्हणजे सावली जवळजवळ अठरा टक्के फुगते. हे हृदय आजारानं वाढलेलं आहे की अंतरानं, हा निवाडा अंतर कळल्याशिवाय करताच येत नाही. आणि अंतर चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं.

इथपर्यंतच्या खुणा अनुभवी डोळा सहज वाचतो. या चित्राची खरी खोल जागा पुढे आहे. समजा, उजवं फुप्फुस काळं आहे आणि डावं त्याच्यापेक्षा पांढुरकं. पातळ पडदा धरल्यासारखं, मागच्या रक्तवाहिन्या दिसतच आहेत पण झाकोळलेल्या. झोपलेल्या पेशंटच्या फुप्फुसाभोवती पाणी झालं असेल तर ते पाठीकडे पसरतं आणि नेमका असाच पडदा दिसतो. सुई घालून पाणी काढायचं का, हा प्रश्न उभा राहतो. पण त्याआधी नजर फुप्फुसाबाहेर, खांद्याच्या आणि काखेच्या मांसावर न्यायची. तिथेही डावी बाजू उजवीपेक्षा पांढरी असेल तर पाण्याचा संशय कमी होतो, कारण पाणी काखेत जात नाही. ही ग्रिडची करणी असू शकते.

ग्रिडची कल्पना १९१३ साली बर्लिनमध्ये गुस्टाव्ह बकी यांनी मांडली. शरीरातून जाताना बरेचसे किरण वाट सोडून विखुरतात आणि चित्रावर धुकं धरतात. ते अडवायला प्लेटच्या अलीकडे शिशाच्या अतिशय बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी धरायची. जुन्या घरांतल्या लाकडी झडपांच्या खिडकीसारखी: समोरून आलेला उजेड आत येतो, तिरका आलेला पट्टीवर अडतो. बकींच्या ग्रिडच्या रेघा चित्रावर उमटत. शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी किरण सुरू असताना ग्रिड सरकवत ठेवायची युक्ती काढली आणि रेघा पुसल्या गेल्या. एक्स-रेच्या इतिहासातल्या फार थोड्या सुधारणा इतक्या साध्या आणि इतक्या टिकाऊ आहेत.

पण झडप तिरकी झाली की सरळ उजेडही अडतो. पट्टीची उंची दोन पट्ट्यांमधल्या फटीच्या आठपट असेल तर कागदावरच्या हिशेबानं साधारण सात अंशांच्या कलावर ट्यूबकडून आलेले किरण पूर्ण अडतात. बारापट असेल तर पाच अंशही पुरतात. दोन-तीन अंशांच्या कलावरच चित्र फिकं पडू लागतं, आणि पट्ट्या ट्यूबच्या दिशेला झुकवलेल्या, म्हणजे फोकस्ड, असतील तर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त फिकी होते. आयसीयूची गादी हवेनं भरलेली असते. पेशंटचं वजन एका कुशीवर गेलं की प्लेट तितकी सहज कलते. डोळ्यांना तो कल दिसतही नाही. म्हणजे गादीतला एक खळगा डॉक्टरांच्या पडद्यावर छातीतलं पाणी होऊन येऊ शकतो. या चित्रातल्या सौंदर्याची मला वाटणारी ओढ आणि धास्ती, दोन्ही इथे एकत्र आहेत. भूमितीची चूक भूमितीच्या वेषात येत नाही, ती आजाराच्या वेषात येते.

वस्तू, किरणांचा उगम आणि चित्र धरणारा पृष्ठभाग यांचं हे नातं पहिल्या दिवसापासून आहे. विल्हेल्म रोंटगेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी व्युर्झबुर्गला पत्नी अ‍ॅना बर्था यांच्या हाताचं चित्र घेतलं, ते बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. त्याच्याशेजारी २३ जानेवारी १८९६ चं, रोंटगेन यांच्या व्याख्यानात घेतलेलं शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट फॉन क्योलिकर यांच्या हाताचं चित्र ठेवून पाहावं. दोन्ही हात, दोन्हींत अंगठी. बर्थांच्या चित्रात हाडांच्या कडा विरघळल्यासारख्या आहेत, अंगठी बोटापेक्षा जड, आणि सगळ्या हाताला एक थरथर आहे. क्योलिकरांच्या हातात प्रत्येक सांधा वेगळा दिसतो, हाडाच्या टोकांची गोलाई कळते. मधे उणापुरा महिना गेला होता.

बर्थांच्या हाताला कित्येक मिनिटं, सांगतात त्याप्रमाणे पंधरा, निश्चल राहावं लागलं होतं. हात तेवढा वेळ निश्चल राहत नाही. शिवाय रोंटगेन यांच्या नळीत किरण काचेच्या चमकणाऱ्या भिंतीच्या पसरट भागातून निघत होते, आणि उगम पसरट असला की सावलीची कड पसरट होणारच. १८९६ मध्येच लंडनच्या किंग्ज कॉलेजचे हर्बर्ट जॅक्सन यांनी खोलगट कॅथोड वापरून किरणांचा उगम धातूच्या एका ठिपक्यावर आणला आणि कडा तीक्ष्ण झाल्या. मला मात्र बर्थांचं चित्र जास्त जवळचं वाटतं. त्यात माणसाचा हात काचेच्या प्लेटवर टेकलेला आहे आणि तो हलला आहे, हे दोन्ही कळतं. त्या काळी प्लेट कोणती आणि ती कुठे आहे, हे प्रश्नच नव्हते. प्लेट एकच होती आणि ती हाताखाली होती.

पुढे बंदुकीची गोळी शरीरात नेमकी किती खोल आहे, हे शोधायची वेळ आली, तेव्हा जेम्स मॅकेंझी डेव्हिडसन यांनी एक नितांतसुंदर रीत बसवली. प्लेटवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तारा ठेवायच्या, ट्यूब ठराविक अंतर सरकवून दोनदा चित्र घ्यायचं, आणि मग ट्यूबच्या दोन जागांपासून गोळीच्या दोन सावल्यांपर्यंत खरेखुरे धागे ताणायचे. धागे जिथे एकमेकांना छेदतात तिथे गोळी. किरणांची अदृश्य वाट हातानं पकडून दाखवणारे ते धागे मला आजच्या सगळ्या संवेदकांचे पूर्वज वाटतात. ट्यूब कुठे आहे आणि प्लेट कुठे आहे हे पक्कं माहीत असेल तर सावलीतून वस्तू परत उभी करता येते, हा विश्वास त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांसमोर मांडला.

फिल्मची कॅसेट गेली, फुजीनं १९८० च्या दशकात आणलेली, वाचायला यंत्रात घालावी लागणारी सीआरची, म्हणजे कम्प्युटेड रेडिओग्राफीची, कॅसेट आली, आणि २००९ च्या सुमारास खाटेजवळच्या कामात बिनतारी डिटेक्टर आला. टेक्निशियन अजूनही त्याला प्लेटच म्हणतात, आणि आकारही जुन्या कॅसेटचाच आहे, ३५ बाय ४३ सेंटीमीटर. आत सीझियम आयोडाइडचा थर किरणांचा उजेड करतो, त्याखालचे सिलिकॉनचे बिंदू त्या उजेडाची वीज करतात, आणि काही सेकंदांत चित्र पोर्टेबल यंत्राच्या गाडीवरच्या पडद्यावर येतं. केबल नाही, डार्करूम नाही. पण केबल गेली तशी एक हमीही गेली. तार होती तेव्हा ही प्लेट या यंत्राची आहे याबद्दल शंका नव्हती.

आता एका विभागात मोठी चौकोनी प्लेट स्टँडमध्ये, एक टेबलाखाली, एक पोर्टेबलच्या कप्प्यात आणि एक लहान, २४ बाय ३० ची, नवजात बाळांसाठी. सगळ्या बिनतारी, सगळ्या एकाच नेटवर्कवर. पेशंटच्या पाठीखाली एक गेली आहे आणि पडद्यावर दुसरीच निवडलेली आहे, असं झालं तर यंत्र किरण सोडू शकतं आणि चित्र मात्र येत नाही. खालची प्लेट झोपेत, आणि जागी असलेली प्लेट कप्प्यात. पुन्हा पेशंटला उचला, पुन्हा किरण द्या. छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस लहान असतो, साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट. पण तो काहीतरी बघण्यासाठी दिलेला असतो. काहीच न दाखवता दिलेल्या किरणांचं समर्थन कोणत्याही आकड्यानं होत नाही, आणि एनआयसीयूत इनक्युबेटरमधल्या, किलोभर वजनाच्या बाळाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

म्हणून ओळख आणि जुळणी या दोन कामांपैकी मी ओळखीला वरचं स्थान देतो. जुळणी चुकली तर चित्र बिघडतं, तरी त्यातून काही वाचता येतं. ओळख चुकली तर चित्रच नसतं.

ओळखीला आणखी एक सूक्ष्म बाजू आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. एका बिंदूची बाजू १४० मायक्रॉन धरली तर अशा प्लेटवर पाऊण कोटीहून जास्त बिंदू होतात. त्यातले काही जन्मतःच मेलेले असतात, काही जास्त हळवे, काही मंद. प्रत्येक प्लेटचा मेलेल्या बिंदूंचा एक नकाशा असतो, संवेदनशीलतेचा दुसरा, किरण नसतानाच्या अंधाराचा तिसरा. कच्च्या चित्राला हे तीन नकाशे लावून दुरुस्ती केल्यावर आपण बघतो ते नितळ राखाडी फुप्फुस तयार होतं. दुसऱ्या प्लेटचे नकाशे या प्लेटला लावले तर हिचे दोष तसेच राहतात आणि तिचे दोष वर उमटतात. पुसट ठिपके, पुसट डाग. फुप्फुसात पुसट डागाचा अर्थ काय घेतला जातो हे सांगायला नको. प्लेटची ओळख म्हणजे तिचा नंबर एवढंच नाही. तिच्या सगळ्या उणिवांची नोंद त्या नंबरामागे उभी आहे, आणि चित्राचा नितळपणा त्या नोंदीतून येतो.

ओळख आपोआप व्हावी म्हणून केलेल्या योजना मला त्यांच्या साधेपणामुळे आवडतात. प्लेट गाडीच्या कप्प्यात बसवली की तिथले संपर्कबिंदू तिचं नाव नोंदून घेतात. काही ठिकाणी इन्फ्रारेडच्या खिडकीसमोर ती क्षणभर धरायची. स्टँडच्या ट्रेमध्ये घातली की ट्रेमधला संवेदक सांगतो, आत कोणती प्लेट आहे आणि ती उभी घातली आहे की आडवी. टेक्निशियनच्या रोजच्या हालचालीतच ओळख उरकते, त्याला वेगळं काही करावं लागत नाही. चांगल्या यंत्ररचनेत हातांच्या सवयी मोडाव्या लागत नाहीत.

जुळणीचं काम याहून अवघड. एक्स-रेच्या खोलीत ते केव्हाच सोपं झालं आहे. स्टँड वर-खाली केला की ट्यूब मोटरवर त्याच्या मागे जाते, कारण दोघंही रुळांवर आहेत आणि रुळांवरची जागा मोजता येते. खाटेवर रूळ नाहीत. तिथे प्लेटमध्ये आणि ट्यूबच्या डोक्यात कल मोजणारे संवेदक बसवतात. दोघांना गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, म्हणून दोघांचे कल एकमेकांशी ताडता येतात: प्लेट चार अंश डोक्याकडे झुकली आहे, ट्यूबही चार अंश झुकव. डोळ्यांना न दिसणारा गादीचा खळगा इथे आकडा होऊन समोर येतो.

पण गुरुत्वाकर्षणाला एक गोष्ट कळत नाही. प्लेट सपाट ठेवून तिला जागच्या जागी गोल फिरवली तर खाली-वरची दिशा बदलत नाही, आणि कल मोजणारा संवेदक गप्प राहतो. त्यासाठी होकायंत्रासारखा चुंबकीय संवेदक लावावा, तर लोखंडी खाट त्याला भुलवते. आणि दोन्ही संवेदक मिळूनही प्लेट कुठे आहे, किती लांब आहे, हे सांगत नाहीत. मग प्लेटच्या किंवा ग्रिडच्या चौकटीत तारेची वेटोळी बसवून त्यांचं बदलतं चुंबकीय क्षेत्र ट्यूबपाशी मोजायचं. किंवा चौकटीची एक बाजू पेशंटच्या अंगाबाहेर काढून तिच्यावरच्या खुणा ट्यूबजवळच्या कॅमेऱ्यानं बघायच्या. अंतराला तर मीटरमागे दहा सेंटीमीटरची चूकही महाग: १०० च्या जागी ११० वर ट्यूब राहिली की प्लेटवर पोचणारे किरण सतरा टक्क्यांनी घटतात.

या सगळ्याचा शेवट कसा करायचा, याबाबत मात्र माझं मत पक्कं आहे. जुळणी झाल्याशिवाय किरण सोडूच न देणारं यंत्र मला नको आहे. आयसीयूत सात अंशांचा कल माहीत असूनही चित्र घ्यावं लागतं, कारण फुप्फुसाभोवती हवा भरली आहे की नाही हे पुढच्या मिनिटात कळायला हवं असतं. यंत्रानं दाखवावं आणि निर्णय टेक्निशियनवर सोडावा. पडद्यावर प्लेटची चौकट आणि किरणांचा चौकोन एकमेकांवर दिसावेत, कल आणि अंतराचे आकडे शेजारी असावेत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला श्वास धरायला सांगता येत नाही. छाती वर येते तो क्षण टेक्निशियन डोळ्यांनी टिपतो आणि बटण दाबतो. त्याची नजर त्या क्षणी पेशंटच्या छातीवरच हवी.

याच कारणासाठी मला शिशाचं अक्षर प्यारं आहे. प्लेटच्या कोपऱ्यावर उजव्या बाजूसाठी ‘आर’ किंवा डावीसाठी ‘एल’ चिकटवायची पद्धत फिल्मच्या काळापासूनची. आता चित्र आल्यावर माउसनं अक्षर टाकण्याची सोय आहे आणि ती सर्रास वापरली जाते. दोन्ही अक्षरं पडद्यावर सारखीच दिसतात, पण त्यांची लायकी सारखी नाही. शिशाचं अक्षर त्याच किरणांनी, त्याच क्षणी, त्याच प्लेटवर उमटलेलं असतं. पेशंट, प्लेट आणि किरण एकत्र होते त्याचं ते साक्षीदार आहे. माउसचं अक्षर हे नंतरचं विधान. प्लेट उलटी गेली, चित्र आडवं-उभं फिरवलं गेलं, की शिशाचं अक्षर आपोआप बोलतं. कितीही संवेदक आले तरी ते राहावं, असं मला मनापासून वाटतं.

रचनेतल्या नेमकेपणाचा शुद्ध नमुना बघायचा असेल तर पेशंटविना घेतलेलं एक चित्र बघावं. एईआरबी, म्हणजे मुंबईत अणुशक्तिनगरला मुख्यालय असलेलं अणुऊर्जा नियामक मंडळ, देशभरच्या एक्स-रे यंत्रांकडून ज्या तपासण्या मागतं, त्यांत मधल्या किरणाचा कल दीड अंशाच्या आत असावा आणि उजेडाचा चौकोन व किरणांचा चौकोन यांत अंतराच्या दोन टक्क्यांहून जास्त फरक नसावा, अशी अपेक्षा असते. कल बघायला साधारण पंधरा सेंटीमीटर उंचीची प्लॅस्टिकची नळकांडी वापरतात. तिच्या तळाला एक आणि माथ्याला एक अशा पोलादी गोळ्या. यंत्र बरोबर असेल तर दोन्ही गोळ्यांच्या सावल्या एकमेकींत विरतात आणि चित्रात एकच ठिपका येतो. जरा कल असला की माथ्याची गोळी बाजूला निघते. ती तळाच्या गोळीभोवतीच्या पहिल्या वर्तुळाच्या आत असेल तर कल दीड अंशाच्या आत. दोन वस्तू असूनही एकच दिसावी, असं मागणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

खाटेवरच्या चित्राकडे परत यायचं तर अलीकडे ग्रिडच काढून टाकायचा मार्ग निघाला आहे. फुजीफिल्मचं व्हर्च्युअल ग्रिड, फिलिप्सचं स्कायफ्लो अशी सॉफ्टवेअरं विखुरलेल्या किरणांचं धुकं हिशेबानं शोधून वजा करतात. झडपच नसल्यामुळे झडप तिरकी होण्याची भीती राहत नाही, आणि पाण्यासारखा दिसणारा तो खोटा पडदा बराच कमी होतो. खाटेवरच्या कामात हा मोठाच दिलासा आहे. पण फुगलेलं हृदय, पतंगी झालेला चौकोन, प्लेटबाहेर कापला गेलेला बरगड्यांच्या तळाचा कोन, हे सॉफ्टवेअरनं सुधारत नाही. ते ट्यूब आणि प्लेट यांच्यामधलं आहे, आणि तिथेच सुधारावं लागतं.

त्या सुधारणेची नोंद आजच्या चित्रात असते, पण ती चित्राच्या आत पुरलेली असते. डायकॉम, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या पद्धतीच्या, फाइलच्या मजकुरात डिटेक्टरची ओळख, त्याच्या शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख, ट्यूबपासूनचं अंतर यांना ठरलेल्या जागा आहेत. खाटेवरच्या चित्रात अंतराची जागा पुष्कळदा रिकामी असते किंवा तिथे अंदाजाचा आकडा असतो, कारण मोजायला काही नव्हतं. प्लेट स्वतःची जागा सांगू लागली की ती जागा खऱ्या आकड्यानं भरता येईल, आणि कलाचा आकडाही सोबत ठेवता येईल. माझी मागणी एवढीच आहे की हे आकडे मजकुरात पुरून न ठेवता चित्राच्या कोपऱ्यात, शिशाच्या अक्षराशेजारी दिसावेत. तालुक्याच्या गावी काढलेला एक्स-रे रात्री दोन वाजता दुसऱ्या शहरातला रेडिओलॉजिस्ट घरी बसून वाचतो. त्यानं ती खाट पाहिलेली नसते, टेक्निशियनशी त्याचं बोलणं झालेलं नसतं, पांढरी पट्टी आधीच छाटलेली असते. डावं फुप्फुस पांढुरकं दिसलं तर शेजारी ‘अंतर १०५, कल ५ अंश’ एवढं वाचून तो काखेकडे नजर टाकेल, आणि सुईचा निर्णय देण्याआधी तिकडच्या डॉक्टरांना फोन करून सोनोग्राफी करून घ्या म्हणून सांगेल.